ऑपरेशन होणार नाही म्हणाले, म्हणून आबांना घरी आणलं होतं… सुईने झालेल्या उपचाराचा आमचा अनुभव

येळ्ळूरकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहून गेलंय. काल आमच्या गल्लीतल्या एका काकांना लिव्हरमध्ये गाठ निघाली आणि त्यांच्या घरचे विचारायला आले की तुमच्या आबांचं काय काय केलासा, तर त्यांना सांगता सांगता वाटलं की एकदा सगळं लिहूनच टाकावं, आणखी कुणाच्या तरी घरात हीच वेळ आलेली असेल.

आबा ६४ वर्षांचे, भाताची शेती. दारूचा थेंब नाही, तंबाखू नाही, पण शुगर पंधरा वर्षांची. आदल्या दिवाळीला पोट जड वाटतंय म्हणून सोनोग्राफी केली तर लिव्हर खडबडीत झालंय, सिरॉसिस आहे, आणि उजव्या बाजूला साडेचार सेंटीमीटरची गाठ. सिरॉसिस म्हटल्यावर भावकीतल्या लोकांनी पहिलं काय विचारावं, तर आबा लपून प्यायचे काय. आईला ते किती लागलं ते मी इथं लिहू शकत नाही. नंतर डॉक्टरांनी समजावलं की वर्षानुवर्षं शुगर आणि लिव्हरवर चरबी असली तरी असंच होतं, दारू लागतेच असं नाही.

पहिल्या ज्या हॉस्पिटलात गेलो तिथल्या सर्जननी रिपोर्ट बघून पाच मिनिटांत सांगितलं की लिव्हर कमजोर आहे, गाठ कापून काढली तर उरलेल्या लिव्हरला झेपणार नाही, ऑपरेशन होणार नाही. बास. पुढं काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीपण विचारलं नाही. तिथंच आमचं चुकलं. ऑपरेशन होणार नाही म्हणजे आता उपायच नाही असं आम्ही धरून चाललो आणि आबांना घरी घेऊन आलो. २१ दिवस. पाहुणे सफरचंदं घेऊन बघायला यायले, आबा कट्ट्यावर बसून सगळ्यांशी हसून बोलायचे आणि रात्री आईला म्हणायचे, माझं काय ठरलंय ते मला कोण सांगंना का झालंय.

माझी मामेबहीण मिरजेला नर्स आहे. ती भेटायला आली, फाईल चाळली आणि माझ्यावर ओरडलीच, सीटीची सीडी घे आणि उद्याच्या उद्या ये, रेडिओलॉजिस्टला दाखवायचं. मला कळंना, रेडिओलॉजिस्ट म्हणजे फोटो काढणारे, ते काय उपचार करणार? तेव्हा पहिल्यांदा इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी हा शब्द ऐकला. सोनोग्राफी, सीटी किंवा एक्सरेच्या पडद्यावर बघत बघत सुई आणि बारीक नळी घालून आतल्या आत उपचार करणारे डॉक्टर असतात हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं.

त्या मॅडमनी तीन फेजचा सीटी परत करायला लावला, एएफपी (लिव्हरच्या गाठीचा अंदाज देणारी रक्ततपासणी), बिलिरुबिन (कावीळ किती ते), अल्ब्युमिन, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते), प्लेटलेट, क्रिएटिनिन सगळं बघितलं आणि मग आबांना, मला नव्हे आबांनाच, समोर बसवून सांगितलं. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं. पाऊण हिस्सा आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून आणि पाव हिस्सा धमनीतून. पण ही गाठ जवळजवळ सगळी त्या धमनीवरच जगते. आबा लगेच म्हणाले, म्हणजे पिकाला दोन पाट आहेत आणि तणाला एकच, तर तणाचा पाट बुजवायचा. मॅडम म्हणाल्या, अगदी तेच, आणि बुजवायच्या आधी त्या पाटातून औषध सोडायचं. ह्याला टेस (TACE) म्हणतात.

तो दिवस सगळा लख्ख आठवतोय. रात्रीपासून उपाशी. आत नेलं तेव्हा सगळ्यांच्या अंगावर शिशाचे जड एप्रन. आबा शुद्धीतच होते, फक्त जांघेत जागा बधिर केली. तिथल्या धमनीतून शेवयाएवढी नळी वर लिव्हरपर्यंत नेतात. तिथली सिस्टर बैलहोंगलकडची, ती कन्नडमधून सांगायची "उसिर हिडीरी" आणि फोटो झाला की "बिडरी". आबांचं कन्नड बाजारापुरतं, पण श्वास धरा आणि सोडा एवढं त्यांना बरोबर कळलं. अजूनपण घरात जिना चढताना दम लागला की स्वतःलाच बिडरी म्हणतात. औषध आत जाताना पोटात गरम गरम वाटलं म्हणाले. दीड तासात बाहेर आणलं. मग सहा तास पाय सरळ ठेवायचा, गुडघा दुमडायचा नाही, आणि दर थोड्या वेळानं सिस्टर येऊन जांघेत सूज नाही ना आणि पावलाची नाडी लागते ना ते बघायची. टाका एकपण नाही.

पुढचे चार दिवस मात्र सोपे नव्हते. ताप, बरगडीखाली दुखणं, जेवण समोर आलं की मळमळ. हे होणार असं आधी सांगितलेलं म्हणून घाबरलो नाही. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतः आंबील मागून घेतली.

महिन्यानं सीटी केला, गाठीचा बराच भाग मेलेला, एका कडेला थोडा जिवंत. दोन महिन्यांनी परत एकदा टेस. एएफपी ६४० होती ती २२ वर आली. नंतर दुसऱ्या जागी पावणेदोन सेंटीमीटरची नवीन गाठ दिसली, ती मायक्रोवेव्हच्या सुईने जाळली, तेव्हा भूल दिली होती आणि दुसऱ्या दिवशी घरी. आज १९ महिने झाले. आबा बरे झालेत असं मी म्हणणार नाही, सिरॉसिस आहेच, दर तीन महिन्यांनी सीटी आहे. पण यंदाच्या रोपणीला ते बांधावर उभे होते. ज्यांना काय विचारायचंय त्यांनी विचारा, जमेल तेवढं सांगतो.

खानापूरची_सून

दादा वाचून रडूच आलं. आमच्या सासूबाईंना, वय ५८, पित्ताशयाचा कॅन्सर निघालाय. कावीळ खूप वाढलीय, बिलिरुबिन १८. डॉक्टर म्हणायलेत एवढ्या काविळीत केमो देता येत नाही, आधी पीटीबीडी करून नळी घाला. पोटातून बाहेर नळी आणि पिशवी म्हटल्यावर सासूबाई नकोच म्हणून बसल्यात. दीर म्हणतात नंदगडच्या पुढं एक वैद्य काविळीवर मुळी देतो. रात्रभर खाजवतात हो, अंगावर ओरखडे उठलेत, मी खोबरेल तेल लावून पंख्याखाली बसवते तेवढंच. ह्या नळीनं नक्की काय होतं कुणी सांगेल का?

कॅथलॅबवाला_कडोली

वहिनी, मी हुबळीकडं कॅथलॅबमध्ये, म्हणजे पडद्यावर बघत नळ्या घालतात त्या खोलीत, टेक्निशियन आहे, गाव कडोली. मी डॉक्टर नव्हे, पण रोज हेच टेबल लावतो म्हणून सांगतोय.

ही कावीळ लिव्हर बिघडून झालेली नाही, ती अडून झालेली आहे. लिव्हर पित्त तयार करायलंय पण गाठीनं नळीचं तोंड दाबलंय, म्हणून पित्त उलटं रक्तात चाललंय. खाज त्याचीच. मुळी घेऊन दाबलेली नळी उघडणार नाही, आणि त्यात जे आठ-दहा दिवस जातील ते तुमच्याकडं नाहीत. अडलेल्या पित्तात जंतू झाले तर थंडी वाजून ताप येतो आणि तो ताप जिवावर बेतू शकतो. तसा ताप आला तर सकाळची वाट बघू नका, रात्री दोन वाजले असले तरी उचला आणि न्या.

अडथळा खाली असला तर बऱ्याचदा तोंडातून दुर्बीण घालून आतूनच स्टेंट, म्हणजे वाट उघडी ठेवणारी छोटी नळी, बसवतात. पित्ताशयाची गाठ मात्र वरती, जिथं लिव्हरच्या डाव्या उजव्या नळ्या मिळतात तिथं दाबते, तिथं आतून पोचणं अवघड, म्हणून बरगड्यांच्या मधून किंवा छातीच्या खालून सोनोग्राफीवर बघून सुई घालतात, तेच पीटीबीडी. सुईतून तार, तारेवरून नळी. तार अडथळ्याच्या पलीकडं गेली तर फारच चांगलं, कारण मग नळीला दोन्हीकडं भोकं असतात आणि पित्त आतड्यातपण उतरतं. पुढं कावीळ उतरल्यावर डॉक्टरांना योग्य वाटलं तर आत जाळीचा मेटल स्टेंट बसवून बाहेरची पिशवी काढतापण येते. म्हणजे पिशवी जन्माची असेलच असं नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा.

तारेवरून नळी सरकवायची ही युक्ती १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर नावाच्या डॉक्टरांनी काढली, आजपण आम्ही हृदयाची असो नाहीतर लिव्हरची, प्रत्येक केस तशीच सुरू करतो. आणि निव्वळ नळी घालून उपचार करता येतो हे अमेरिकेत पोर्टलँडला डॉक्टर डॉटर यांनी १९६४ साली दाखवलं. ८२ वर्षांची एक आज्जी होती, पाय काळा पडायला लागलेला, सर्जन म्हणायले कापूया आणि ती म्हणाली नाही कापून घेणार. डॉटरनी तिची अरुंद झालेली शीर आतूनच रुंद केली आणि ती परत स्वतःच्या पायावर चालली. हे मी नवीन पोरांना पहिल्या दिवशी सांगतो, कारण ह्या सगळ्या कामाची सुरुवातच "कापता येणार नाही" किंवा "कापून घेणार नाही" म्हणणाऱ्या माणसासाठी झालीय.

चिकोडीचे_मास्तर

सगळ्यांचे अनुभव वाचले. माझा वेगळा आहे आणि तोही इथं असावा असं वाटतं.

माझ्या सासऱ्यांना लिव्हरचाच कॅन्सर होता. पोटात पाणी, डोळे पिवळे, लिव्हरकडं जाणारी मोठी शीरच गाठीनं बंद झालेली. दोन ठिकाणी डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की आता टेस केलं तर उरलंसुरलं लिव्हर बसेल. पण मेहुण्यांचा जीव राहीना. लांबच्या एका शहरात तिसरीकडं गेलो, तिथं करू म्हणाले, केलं. खर्च चार लाखांच्या वर गेला, दीड एकर गहाण पडलं, आणि सासरे त्यानंतर अठ्ठावीस दिवस राहिले, त्यातले बहुतेक हॉस्पिटलात. त्यांना घरी शेवटचं परसातल्या चिक्कूच्या झाडाखाली बसायचं होतं, ते झालं नाही. हे मला अजून टोचतं.

येळ्ळूरकर, तुमच्या आबांचं ऐकून खरोखर आनंद झाला. पण वाचणाऱ्यांनी असं समजू नये की सुई आहे म्हणजे प्रत्येकाला चालेल. पहिल्या दोन डॉक्टरांनी नाही म्हटलं ते आमच्या भल्यासाठी होतं, हे आम्हाला उशिरा समजलं.

येळ्ळूरकर

मास्तर, तुम्ही हे लिहिलासा ते फार बरं झालं. आमच्या मॅडमनीपण सुरुवातीलाच सांगितलं होतं की आबांचं लिव्हर चाइल्ड ए मध्ये आहे, पोटात पाणी नाही, मोठी शीर मोकळी आहे म्हणून हे करतोय, सी मध्ये असते तर मी हात लावला नसता. चाइल्ड म्हणजे लिव्हर किती काम करतंय त्याची ए बी सी अशी पायरी. त्यामुळं मला वाटतं विचारायचं ते असं, की ऑपरेशन होत नसेल तर सुईचा उपचार बसतो काय, आणि बसत नसेल तर का बसत नाही ते समजावून सांगा. आमच्या पहिल्या ठिकाणी "नाही" एवढंच मिळालं, तुम्हाला "नाही" आणि त्याचं कारण दोन्ही मिळालं होतं. जिथं सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे आणि हे रेडिओलॉजीचे एकत्र बसून एका पेशंटचं ठरवतात तिथं एकदा फाईल दाखवावी, त्याला ट्युमर बोर्ड म्हणतात.

निपाणीची_लेक

मी निपाणीची. आईनं तीस वर्षं विड्या वळल्या. आमच्याकडं तंबाखूची धूळ घराघरात, चुलीजवळ, पोरांच्या दप्तरात. १९८१ च्या तंबाखू आंदोलनाच्या गोष्टी सांगत आई आम्हाला भरवायची. आईच्या जिभेच्या मागं कॅन्सर झाला. तिचं इथं सांगते कारण ह्या सुईच्या उपचाराचा आणखी एक उपयोग असतो तो मला माहीत नव्हता.

रेडिएशन चालू असताना एका पहाटे तिच्या तोंडातून रक्त यायला लागलं. थुंकून टाकायचं तसलं नव्हे, उशीच्या खोळीतून गादीत उतरलेलं. कापूस दाबला, बर्फ दाबला, थांबंना. रिक्षानं नेलं आणि तिथून अँब्युलन्सनं पुढच्या मोठ्या हॉस्पिटलात. ऑपरेशन करून आतली शीर बांधण्याएवढा वेळ आणि ताकद दोन्ही नव्हतं. जांघेतून नळी घालून मानेपर्यंत नेली आणि गाठीला रक्त देणारी फांदी आतूनच बंद केली. मी बाहेर उभी होते, माझ्या ओढणीवर रक्त वाळलेलं, आणि डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले थांबलंय. त्यानंतर रेडिएशन पुरं झालं.

तिला पुढं गिळता येईना तेव्हा पोटातून जेवणाची नळी घातली, तीपण अशीच सोनोग्राफी आणि एक्सरेवर बघून. आणि केमोसाठी छातीला कॉलरबोनखाली कातडीच्या आत पोर्ट, म्हणजे शिरेत औषध सोडायची छोटी डबी, बसवला, रुपयाएवढा. आधी हाताच्या शिरा शोधायला चार चार वेळा टोचायचे आणि ती डोळे मिटून घ्यायची. पोर्टनंतर ते संपलं. कुणाच्या घरी लांबच्या लांब केमो सुरू होणार असेल तर पोर्ट किंवा पिक लाईनचं (दंडाच्या शिरेतून घालतात ती लांब नळी) पहिल्याच भेटीला विचारा, शिरा जळून गेल्यावर नको.

आई आता नाही. पण त्या पहाटेनंतर आठ महिने होती, आणि माझ्या पोरीचं बारसं तिनं मांडीवर घेऊन केलं.

अनगोळकर

खर्चाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितोय, मी काकूच्या ब्रेस्ट कॅन्सरला दोन वर्षं हेच करत फिरलोय.

बीपीएल कार्ड असेल तर आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटकमध्ये घराला वर्षाला ५ लाखांपर्यंत, एपीएल असेल तर पॅकेजच्या ३० टक्के आणि वर्षाला दीड लाखापर्यंत. पण तातडीची केस नसेल तर आधी सरकारी दवाखान्याचं रेफरल लागतं, आपल्याकडं बीम्समधून, म्हणजे बेळगावच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलातून. लोक थेट खाजगीत ॲडमिट होतात आणि मग रेफरलसाठी पळतात. तसं करू नका. हॉस्पिटलात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचं काम बघणारा माणूस, बसलेला असतो, त्याला डॉक्टरनी लिहिलेलं नेमकं नाव दाखवून विचारा की हे पॅकेजमध्ये आहे काय, नळीचा आणि स्टेंटचा खर्च त्यात धरलाय काय. नुसतं कॅन्सर कव्हर आहे काय विचारलात तर हो म्हणतील आणि डिस्चार्जच्या दिवशी स्टेंटचं वेगळं बिल हातात येईल. आमच्यासोबत झालंय.

दुसरं, महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं, त्यावरून तेव्हा इकडच्या सरकारनं आक्षेप पण घेतला होता. आपलं गाव यादीत असेल तर कोल्हापूर, मिरजेकडच्या योजनेतल्या हॉस्पिटलात जायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला फोन करून कुठली कुठली कागदं आणू ते विचारून घ्या. आपल्या माणसाला राजकारणात पडायला वेळ नसतो, ज्या बाजूनं उपचार होईल त्या बाजूनं करून घ्यायचा.

मुंबईला टाटाला जाणाऱ्यांनी रेल्वेची सवलत सोडू नका. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी जाताना येताना स्लीपर आणि थर्ड एसीला भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के. हॉस्पिटलकडून ठराविक नमुन्यातलं सर्टिफिकेट लागतं. चालुक्य एक्सप्रेस बेळगावहून थेट दादरला जाते, रोज नाही, दिवस बघून घ्या. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे, कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक तिथंच असतात, टाटाचं कागद दाखवावं लागतं. आणि आता बेळगावातपण केएलईचं वेगळं कॅन्सर हॉस्पिटल झालंय, ३ जानेवारी २०२५ ला राष्ट्रपती येऊन उद्घाटन करून गेल्या, त्यामुळं प्रत्येक गोष्टीला मुंबईच गाठायची असं नाही, आधी इथं विचारून बघा.

संकेश्वर_शेतकरी

विषय थोडा बाजूला जातोय पण आबांची शेती वाचून विचारतो. आमच्याकडं पावसात भिजलेल्या भुईमुगाच्या शेंगा वाळवून घरात खायला ठेवतात, चांगल्या बाजारात जातात. बुरशी आलेल्या शेंगांनी लिव्हरचा कॅन्सर होतो म्हणतात ते खरं काय?

कॅथलॅबवाला_कडोली

खरं आहे दादा. त्या हिरवट पिवळ्या बुरशीचं विष असतं, अफ्लाटॉक्सिन. एकदा खाल्लं म्हणून होत नाही, वर्षानुवर्षं पोटात गेलं की लिव्हरला धोका, आणि हिपॅटायटीस बी अंगात असेल तर तो धोका कितीतरी वाढतो. भाजल्यानं, शिजवल्यानं ते विष पूर्ण जात नाही. कडवट लागणारा, सुरकुतलेला, काळपट दाणा टाकूनच द्यायचा, जनावराला पण घालायचा नाही, दुधात उतरतं. आणि घरात कुणाला बी ची कावीळ असेल तर बाकीच्यांनी तपासून लस घ्या.

खानापूरची_सून

सगळ्यांचे आभार. अनगोळकर दादांनी सांगितल्यासारखं आधी रेफरल काढलं. सासूबाईंना मी हा धागा वाचून दाखवला. त्या ८२ वर्षांच्या आज्जीचं दोनदा वाचायला लावलं आणि मग म्हणाल्या, चल, घालू दे नळी. दिरांना मी सांगितलं की मुळी नंतरपण आणता येईल, आधी नळी. आयएनआर जास्त आलंय म्हणून तीन दिवस व्हिटॅमिन केची इंजेक्शनं देऊन काल सकाळी घातली.

आता माझी भीती वेगळी आहे. परवा घरी सोडणार. खानापूरपासून पुढं चौदा किलोमीटर आमचं गाव, पावसात रस्ता तुटतो. नळी निसटली तर? पिशवीत रक्त आलं तर? सिस्टरनी कन्नडमध्ये भराभर सांगितलं, कागदपण कन्नडात, मला बोलायला येतं पण वाचायला येत नाही.

कॅथलॅबवाला_कडोली

वहिनी, नळी अंगातून जिथं बाहेर येते तिथं कातडीलगत पेनानं एक खूण करून घ्या आणि बाहेर राहिलेली लांबी मोजून कॅलेंडरवर लिहून ठेवा. रोज बघायचं, खूण लांब गेली तर नळी सरकलीय. पिशवी कायम पोटाच्या खाली, झोपताना पलंगाच्या कडेला, चालताना झग्याला किंवा परकराच्या नाडीला सेफ्टी पिननं, पण पिशवीचं वजन टाक्यावर येऊ द्यायचं नाही, नळीचा एक वेढा पोटावर चिकटवून ठेवायचा. बहुतेक नळ्या कूस बदलताना पलंगाच्या कोपऱ्यात अडकून निघतात, मी डझनानं बघितल्यात.

डॉक्टरांनी फ्लश करायला सांगितलं असेल तर सांगितलं तेवढंच सलाईन हळू आत सोडायचं, सिरिंजनं मागं ओढायचं नाही, ओढलं तर आतड्यातली घाण पित्ताच्या वाटेत येते. पिशवीत रोज किती जमलं ते लिहून ठेवा, पित्ताबरोबर पाणी आणि मीठ दोन्ही जातं, म्हणून ओआरएस, पेज, ताक चालू ठेवा. शुगर नाही ना त्यांना?

पहिल्या एक-दोन दिवसात थोडं गुलाबीसर आलं तर घाबरू नका पण कळवा. लालभडक आलं, थंडी ताप आला, पिशवी अचानक कोरडी राहून पोट दुखायला लागलं, किंवा नळीच्या बाजूनं गळायला लागलं तर निघायचं. नळी पूर्ण बाहेर आली तर परत आत ढकलायची नाही, स्वच्छ गॉज ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटलात, कारण वाट बुजायच्या आत गेलं तर तिथूनच परत घालता येते. आणि दोन-तीन महिन्यांत नळी बदलायची असते, ती तारीख आजच विचारून घ्या, लोक ती विसरतात आणि मग नळी तुंबून येतात.

कन्नड कागदाचा फोटो मला मेसेज करा, रात्री ड्युटी सुटली की मराठीत लिहून पाठवतो.

चिकोडीचे_मास्तर

वहिनी, एक सांगू काय. पावसाळ्यात रस्ता तुटणार असेल तर पहिले दहा दिवस खानापुरातच कुणाकडं राहता आलं तर बघा. माझी एक माजी विद्यार्थिनी तिथं आहे, दोन खोल्या रिकाम्या आहेत तिच्याकडं. तिला विचारून तुम्हाला मेसेज करतो. आणि दुखणं फार असेल तर सहन करत बसू देऊ नका. ह्याच सुईवाल्या डॉक्टरांकडं पोटाच्या मागच्या नसांच्या जुडग्यात इंजेक्शन देऊन वरच्या पोटातलं कॅन्सरचं दुखणं कमी करायचा उपाय असतो, आमच्या सासऱ्यांच्या वेळी ते आम्हाला फार उशिरा समजलं.

येळ्ळूरकर

मास्तर 🙏. वहिनी, बेळगावला तपासणीला याल तेव्हा आमच्याकडं जेवायला या. आबा म्हणायलेत त्यांना मी स्वतः सांगतो कसं असतंय ते.

खानापूरची_सून

बारा दिवसांनी लिहितेय. मास्तरांनी सांगितलेल्या ताईंच्याकडं राहिलोय, भाडं घ्यायला तयार नाहीत. कॅथलॅबवाल्या दादांनी मराठीत लिहिलेला कागद भिंतीला लावलाय, रात्रीची पाळी धाकटा दीर करतो, तोच आता पिशवी रिकामी करतो आणि वहीत लिहितो.

बिलिरुबिन १८ चं ७ वर आलंय. केमोचे डॉक्टर म्हणाले आणखी उतरू दे, मग सुरू करूया. परवाच्या रात्री साडेदहाला सासूबाई झोपल्या आणि मी एक वाजता दचकून उठले, कारण खाजवायचा आवाज नाही. जवळ जाऊन बघितलं, श्वास बघितला. गाढ झोपलेल्या. सकाळी उठून म्हणाल्या, मऊ भात कर, तूप घाल, आणि ते लिंबाचं लोणचं पण थोडं दे.

आज वहीत साडेचारशे मिली लिहिलंय. रंग मधासारखा.